उमरीपादरला सहा वर्षं उशिरा

हा प्रवास मी सहा वर्षांपूर्वीच करायला हवा होता. त्या वेळी मी अर्ध्या वाटेवरून परतलो, आणि पूर्ण वाट चालून आल्यासारखं लिहिलं. म्हणून या खेपेस जे पाहिलं ते लिहून काढतो आहे. सातपुड्यात फिरायला जाणाऱ्यांना उपयोगी पडेल असं यात फारसं काही नाही. तिकडे कधीही न गेलेल्या, पण तिकडच्या लोकांचं भलं कशात आहे हे ठाऊक असलेल्या माझ्यासारख्या वाचकांसाठी हे आहे.

आधी माझं काम सांगायला हवं. मी धुळ्याला शाळेत शिकवतो, आणि डोंगरी भागाच्या सुधारणेसाठी इथं जी एक समिती होती तिचा मी चिटणीस होतो. सातपुड्यातले लोक गाव करून राहत नाहीत. एक घर या टेकाडावर, दुसरं ओढ्यापलीकडच्या टेकाडावर, प्रत्येकाचं शेत त्याच्या दाराशी. एक गाव पाहायला निघालं तर दिवस जातो. अशी विखुरलेली घरं एका सपाटीवर आणावीत, ओळीनं पक्की घरं बांधावीत, असा समितीचा विचार होता. त्या विचाराची पुस्तिका मी लिहिली. ‘डोंगरी भागातील नियोजित वसाहत : लोकांना व रानाला होणारे लाभ’ असं तिचं नाव. घरं विटांची झाली की साग आणि बांबू वाचेल. उतारावरची शेती सुटली की माती वाहून जाणार नाही, झाडी वाढेल, झरे फुगतील. एका जागी माणसं आली की विहीर, शाळा, दवाखाना देता येईल. आजही ही वाक्यं वाचताना मला ती मूर्खपणाची वाटत नाहीत. पण पहिल्याच पानावर ‘प्रत्यक्ष पाहणी करून’ असे शब्द आहेत, आणि मी वाटेतल्या मोलगी गावाच्या पुढं गेलो नव्हतो.

पुस्तिका वर गेली, मान्य झाली, निंबीपाट नावाच्या सपाटीवर वसाहत उभी राहिली. पुढं मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आला, आमच्या पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला, समिती थंडावली. मी सुटलो असं मला वाटत होतं. या पौषात जिल्हा कचेरीतून पत्र आलं. निंबीपाटची योजना यशस्वी झाली असल्यानं त्याच धर्तीवर उमरीपादर हे गाव खाली आणायचं आहे. मूळ पुस्तिकेचे लेखक म्हणून आपला अभिप्राय पाठवावा. चार ओळी लिहून पाठवल्या असत्या तर काम झालं असतं. मी चार ओळी लिहिल्याही. पाकीट बंद करताना हात थांबला. शाळेत रजेचा अर्ज दिला आणि माघाच्या सुरुवातीला निघालो.

तापीकाठ

पहिला मुक्काम तळोद्याच्या अलीकडे, तापीकाठच्या एका खेड्यात दगाजी आबांकडे केला. कापूस आणि केळी पिकवणारं हे मोठं घर. आबांचा धाकटा माझा विद्यार्थी, म्हणून ओळख. थाळ्यात कळण्याची भाकरी, भरीत आणि वर तेलाची धार. आबा समोर पाटावर बसून मला जेवताना निरखत होते.

“मास्तर, आते कसाले चालनात वर? तठे तर तुम्ही घरं बांधी दिधात ना?”

“पाहायला चाललो आहे, आबा.”

“लोक आधी पाहतस, मंग बांधतस. तुम्हनं उलटंच शे!”

आतून त्यांच्या घरातल्या बाईंनी आवाज दिला, “त्यासले जेवू द्या ना पहिले. बोलीबोलीसनच मानूसनं पोट भरी देतस तुम्ही.”

आबा हसले. पण विषय त्यांनी सोडला नाही. मला शेतावर घेऊन गेले. कापसाच्या शेवटच्या वेचणीला पंचवीस-तीस माणसं लागली होती, बहुतेक डोंगरातली. बांधावर पळसाच्या फांद्या टेकवून केलेले त्यांचे आडोसे, त्यात पोरं निजलेली.

“पहिले दिवाळी झाई का येत आणि होळीले परत चालना जात. आते बाराही महिना येतस. निंबीपाटना लोक शेतस ह्या. मन्हं तर बरंच शे, मजूर भेटतस.”

मी वाकून एका आडोशात पाहिलं. दोन मडकी, एक घोंगडी. ज्या माणसांना पक्कं घर मिळावं म्हणून मी चोवीस पानं लिहिली, ती इथं पळसाच्या पानांखाली राहत होती. दगाजी आबांना स्वस्त मजूर मिळतील, हा लाभ पुस्तिकेत लिहायचा राहून गेला होता.

मोलगी

अक्कलकुव्यापर्यंत बस, पुढं लाकडं आणायला रिकाम्या चाललेल्या ट्रकमध्ये, आणि शेवटचा चढ पायी. चढावर माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. तारेनं बांधला, तो पायाला लागला, तेव्हा वहाणा हातात घेऊन बाजारात शिरलो. मोलगीचा आठवड्याचा बाजार भरला होता. मीठ, मिरची, कांदे, लोखंडी फाळ. माणसं दोन-दोन डोंगर चालून येतात, शेर-दोन शेर मीठ घेतात आणि उरलेला दिवस एकमेकांशी बोलण्यात घालवतात. आमच्याकडे बाजारात माणूस घाईत असतो. इथं घाई फक्त दुकानदारांना होती.

मी आधी पत्रानं कळवलं होतं, म्हणून निंबीपाटच्या शाळेचे रूपसिंग मास्तर मला न्यायला आले होते. ते अक्कलकुव्याकडचेच भिल, तिशीचे, अंगात पांढरा सदरा, पायात टायरच्या चपला. माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या वहाणांकडे पाहून म्हणाले, “म्हणजे तुम्हीच ते!”

“कोण ते?”

“पुस्तकवाले. शाळेच्या पेटीत आहे ना तुमचं पुस्तक. दुसरं काही नसलं की मी शुद्धलेखनाला तेच घालतो.” थोडं थांबून ते म्हणाले, “मराठी चांगलं आहे त्यातलं.”

बाजाराच्या कडेला एक जुना आंबा आहे. तो दिसला आणि मी तिथंच बसलो. रूपसिंग मास्तरांना वाटलं, पाय दुखतात. मी त्यांना खरं सांगितलं; माझ्या बायकोनंतर ते सांगितलेला हा पहिला माणूस.

सहा वर्षांपूर्वी मला मोलगीत ताप आला. वर जाण्याचं त्राण नव्हतं. धुळ्याला रिकाम्या हातानं परतायची लाज वाटली, म्हणून बाजाराच्या दिवशी याच आंब्याखाली सतरंजी टाकून मी लोक बोलावले. निंबीपाटच्या आसपासच्या टेकाडांवरचे होते, उमरीपादरचेही होते. इथल्या एका मीठवाल्याला भाषा येत होती. त्याच्यामार्फत मी विचारलं, विहीर पाहिजे का? शाळा पाहिजे का? औषध पाहिजे का? सगळे हो म्हणाले. कोण नाही म्हणेल? मी कोऱ्या कागदावर त्यांचे अंगठे घेतले. कागदाचा वरचा भाग धुळ्याला जाऊन भरला: ‘आम्ही एकमुखाने नव्या वसाहतीची मागणी करतो.’ कुणाला फसवावं असं मनात नव्हतं. विहीर हवी तर विहिरीजवळ राहायला यावंच लागेल, हे त्यांना वेगळं काय विचारायचं, असं मला वाटलं. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मनातलं आपोआप कळतं, अशी माझी समजूत होती.

रूपसिंग मास्तरांनी ऐकून घेतलं. मग उठून माझ्या वहाणा उचलल्या. “चला. चांभार उठायच्या आत अंगठा शिवून घेऊ.”

निंबीपाट

निंबीपाट ही खरोखर सुंदर जागा आहे. तिन्ही बाजूंना सातपुड्याच्या निळ्या रांगा, मध्ये ही सपाटी. सपाटीवर चार ओळी, विटांच्या भिंती, वर पत्रे, प्रत्येक दार समोरच्या दाराकडे तोंड करून. पुस्तिकेत मी नकाशा काढला होता, तो जमिनीवर पडलेला पाहून, खोटं कशाला बोलू, क्षणभर मला अभिमान वाटला. लोक या जागेला निंबीपाट म्हणत नाहीत, ‘लाईनी’ म्हणतात.

विहिरीला पाणी होतं. गोड, भरपूर. बायका भरत होत्या आणि हसत होत्या. शाळेत मुलं होती. रूपसिंग मास्तरांनी त्यांच्याकडून पाढे म्हणवून घेतले आणि एका मुलीनं एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हटला. दवाखान्याच्या खोलीला कुलूप होतं, कंपाउंडर महिन्यातून एकदा येतो म्हणे. तरी विहीर आणि शाळा खरी होती. हे लिहायलाच हवं, नाहीतर मी पुन्हा एकदा अर्धंच लिहिलं असं होईल.

पण बरीचशी दारं उघडी आणि आत माणूस नाही. काही घरांत शेळ्या. एका घराच्या भिंतीला लागून बांबूच्या तट्ट्यांचं छप्पर काढलं होतं आणि तिथं एक म्हातारी नागली पाखडत बसली होती. तिचं नाव सेगी. पक्कं घर तिचंच. तिथं पहिल्या पावसाळ्यात तिचा नवरा गेला, दुसऱ्यात थोरला मुलगा.

मास्तरांनी मला समजावलं. इथं एका घरात माणसं अशी लागोपाठ गेली, की ती जागा सोडतात. घर मात्र सोडत नाहीत. खांब, आढं, तट्टे, दार सगळं उतरवतात आणि दुसऱ्या टेकाडावर नेऊन उभं करतात. सगळं गाव खांदा द्यायला येतं, त्याला ‘लाह’ म्हणतात. लाहेला मजुरी नसते. घरवाल्यानं जेवू घालायचं, आणि दुसऱ्याच्या लाहेला आपण जायचं. विटांचं घर उतरवता येत नाही. मग माणसं बाहेर येतात, घर तिथंच राहतं. कुणी अंगणात छप्पर घालतो, कुणी तापीकाठी निघून जातो.

सेगीनं माझ्याकडे बोट करून मास्तरांना काही विचारलं.

“ती म्हणते, तुमच्या घरात माणूस मेला तर तुम्ही काय करता?”

मी म्हणालो, “आम्ही तिथंच राहतो. माझे वडील ज्या खोलीत गेले, त्याच खोलीत मी झोपतो.”

मास्तरांनी सांगितलं. ती सूप खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. मग हळू आवाजात पुन्हा विचारलं.

“ती विचारते, ते झोपू देतात?”

तिनं उठून मडक्यातलं पाणी मला प्यायला दिलं, आजारी माणसाला देतात तसं.

दुपारी मास्तरांबरोबर सपाटीच्या कडेला गेलो. लोक खाली आल्यावर मोकळे झालेले उतार तिथून दिसतात. माझ्या पुस्तिकेप्रमाणे तिथं आता झाडी दाट व्हायला हवी होती. उतारावर बुंधे होते. कुऱ्हाडीनं पाडलेल्या सागाचे, आणि मोहाचेही.

“कुणी तोडले?”

“ठेकेदाराचा परवाना सागाचा होता. मोह कसे गेले, ते कुणी पाहिलं नाही. पाहायला होतं कोण तिथं?” मास्तर म्हणाले. “इथं प्रत्येक मोहाला धनी असतो, सर. हा या घराचा, तो त्या घराचा, आज्यापासून. माणसं वर होती तेव्हा एका मोहाला कुऱ्हाड लागली असती, तर डोंगरभर हाका गेल्या असत्या.”

“आणि झरे?”

त्यांनी मला खाली नेलं. खडकात एक खळगा होता, गाळानं आणि पानांनी भरलेला, वर थोडी ओल. वरची चार घरं दर वर्षी होळीआधी तो उपसत असत. घरं गेली आणि उपसणं थांबलं. मी काठी खुपसून पाहिली. हातभर गाळ. ‘झरे फुगतील’ हे शब्द मी कोणत्या पानावर लिहिले होते ते मला आठवत होतं.

उमरीपादर

दुसऱ्या दिवशी पहाटे उमरीपादरला निघालो. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. दोन चढ आणि एक ओढा. दुसऱ्या चढावर पाचोळ्यावरून घसरलो, पंधरा-वीस हात बसूनच खाली आलो, धोतर फाटलं. वरून कुणीतरी मोठ्यानं हसलं. पाहिलं तर माणसांची रांग चालली होती, खांद्यावर सागाचे खांब, बायकांच्या डोक्यावर तट्टे.

“नशीब तुमचं. लाह आहे आज,” मास्तर म्हणाले.

एका माणसाचं घर या टेकाडावरून त्या टेकाडावर चाललं होतं. त्याची दोन मुलं पावसाळ्यात गेली होती. उन्हं वर येईपर्यंत खांब पुरून झाले. कुणी हुकूम देत नव्हतं. एक म्हातारा खांबाला पाठ लावून उभा राही आणि मान हलवी, की पुढचा खांब. जुनं कूड मोडून आणणारी माणसं, माती तुडवणाऱ्या बायका, वर चढून आढं बांधणारे दोघं, आणि सतत चाललेली थट्टा. त्या थट्टेत मलाही वाटा मिळाला. मी हात लावायला गेलो, तर मला ओल्या सालीची दोरी देऊन एक वासा बांधायला सांगितलं. आम्ही सुतळीला जशी गाठ मारतो तशी मी मारली आणि जोर लावून आवळली. साल तटकन तुटली, वासा सुटला आणि वर बसलेल्या माणसाच्या गुडघ्यावर आदळला. तो काहीतरी ओरडला आणि सगळं टेकाड हसलं.

“काय म्हणाला?”

मास्तर सांगायला तयार नव्हते. फारच आग्रह केला तेव्हा म्हणाले, “म्हणतो, याला विटांचंच घर जमेल.”

म्हणजे मी कोण ते त्यांना माहीत होतं.

दुपारपर्यंत घर उभं राहिलं. जेवायला पानांवर मक्याची भाकरी, उडदाची घट्ट डाळ आणि लाल तिखट. मोहाची दारू आली. पहिले थेंब जमिनीवर सांडून मग ती हातोहात फिरली. दारूबंदीवर मी शाळाशाळांतून भाषणं दिली आहेत. माझ्यापाशी पानाचा द्रोण आला तेव्हा एक घोट घेतला, कारण त्या दिवशी आणखी एका बाबतीत मी त्यांच्याहून चांगला आहे असं दाखवायची हिंमत नव्हती.

सकाळी खांबांना पाठ लावणारा तो म्हातारा म्हणजे गावचा कारभारी, खाल्या. जेवण झाल्यावर तो माझ्यासमोर उकिडवा बसला. बाकीचे मागं गोळा झाले. तो बोलत गेला आणि मास्तर मराठीत सांगत गेले.

“आम्हाला खाली न्यायचं ठरलं म्हणतात. खरं?”

“अजून ठरलं नाही. मला विचारलं आहे.”

“तुला का?”

मी मास्तरांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. मग मी सगळं सांगितलं: ताप, आंबा, मीठवाला, विचारलेली विहीर, लिहिलेली घरं. मास्तर एकेक वाक्य त्यांच्या भाषेत सांगत होते. त्यांनी कुठं मऊ केलं असेल का, मला माहीत नाही. चेहरे पाहता केलं नसावं.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. मागून एक बाई काहीतरी म्हणाली.

“ती विचारते, तुम्ही आजारी होता तर आम्हाला निरोप का नाही धाडला? झोळीत घालून वर आणलं असतं.”

हे एवढं साधं मला तेव्हाही सुचलं नव्हतं, आणि सहा वर्षांतही सुचलं नाही.

मी पिशवीतून कागद काढला. म्हणालो, “मी अभिप्राय इथंच लिहितो. प्रत्येक वाक्य वाचून दाखवीन. चूक असेल ते सांगा.”

तिथं, त्या नव्या घराच्या ओल्या ओट्यावर बसून मी लिहिलं. एक वाक्य लिहायचं, वाचायचं, मास्तरांनी सांगायचं. निंबीपाटच्या विहिरीला पाणी आहे, हे आधी लिहा, असं त्यांनीच सांगितलं. शाळेबद्दल लिहा. ‘लोक अज्ञानामुळे घरे सोडतात’ असं वाक्य माझ्या लेखणीतून सवयीनं उतरलं. ते ऐकून खाल्यानं विचारलं, अज्ञान म्हणजे काय. मास्तरांनी सांगितल्यावर तो म्हणाला, “मग ते स्वतःबद्दल लिही.” सगळे हसले. मी खोडलं आणि सेगीच्या घरी काय झालं ते सरळ लिहिलं. मोहाचे बुंधे, झऱ्यातला गाळ. शेवटी त्यांची मागणी: आम्हाला विहीर पाहिजे, इथं, या टेकाडांच्या मध्ये. शाळेला मास्तर पाहिजे, झोपडीत बसणारा चालेल. घर नको. आमचं घर आम्ही बांधतो.

माझ्या उभ्या जन्मात मी इतकं खरं काही लिहिलेलं नाही. पिशवीतून शाईची डबी काढून झाकण उघडलं आणि कागद खाल्यापुढं केला.

त्यानं हात मागं घेतला. बाकीच्यांकडे कागद फिरवला. एकेक जण नुसता पाही आणि पुढच्याकडे सरकवी, जशी सकाळी दोरी हातोहात जात होती.

“ते म्हणतात,” मास्तर खाली आवाजात म्हणाले, “मागच्या खेपेला विहिरीला अंगठा दिला आणि घरं आली. आता ‘घर नको’ म्हणून अंगठा दिला, तर काय येईल सांगता येत नाही.”

“पण या वेळी मी वाचून दाखवलं आहे. त्यांच्यासमोर लिहिलं आहे!”

“ते त्यांना पटलं. तुम्ही खरं लिहिलंत असं म्हणतात. अंगठा देत नाहीत.”

मी विनवलं. अंगठ्याशिवाय कागदाला किंमत नाही म्हणालो. खाल्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो काहीतरी बोलला. मास्तरांनी मराठीत सांगितलं, “ही तुझी चूक, तर तुझा अंगठा दे.” शाईची डबी बंद करून मी उतरायला लागलो. निरोप द्यायला टेकाडाच्या कडेपर्यंत चार माणसं आली. पायवाट निसरडी होती तिथं एकानं माझा दंड धरला.

परतल्यावर

कचेरीत मी अभिप्राय स्वतः नेऊन दिला. साहेब सभ्य माणूस. त्यांनी पूर्ण वाचला. मग फाईल उघडून माझी जुनी पुस्तिका काढली, तिला जोडलेला अंगठ्यांचा कागद काढला, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले.

“गुरुजी, या बाजूला गावाची मागणी आहे. या बाजूला तुमचं एकट्याचं मत. मी कशावर शेरा मारू?”

“ती मागणी मी लिहिली आहे. खोटी आहे ती.”

“असं तुम्ही आज म्हणता.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “हे लेखी द्याल?”

मी तिथंच लेखी दिलं. कोऱ्या कागदावर अंगठे घेऊन वर मजकूर मी भरला, असं सही करून दिलं. शाळेच्या चालकांपर्यंत ते जाईल, याची कल्पना होती. गेलंही. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. साहेबांनी कागद फाईलला लावला. फाल्गुनात उत्तर आलं: आपल्या निवेदनाची नोंद घेतली आहे, तथापि उमरीपादर येथील मोजणीचे काम ठरल्याप्रमाणे सुरू होईल.

ते पत्र मी रूपसिंग मास्तरांना कळवलं. लोकांना आधी समजावं, एवढाच हेतू. त्यांचं उत्तर होळीनंतर बऱ्याच दिवसांनी आलं. वहीच्या पानावर, शाळेतल्या अक्षरात. ते इथं जसंच्या तसं देतो.

‘सर, तुमचं पत्र वाचून दाखवलं. मोजणीवाले आले तेव्हा उमरीपादरला एकही घर नव्हतं. खांब पुरलेले खड्डे होते आणि चुली होत्या. आठ दिवस रोज लाह चालली होती, रोज दोन-तीन घरं गेली. मोह गळायला लागलेला असताना गेले, म्हणून बायका फार रडल्या. झाडं नेता येत नाहीत. झरा जाताना उपसून गेले. मोजणीवाल्यांनी मला विचारलं, मी सांगितलं माहीत नाही. मला माहीत आहे. पण तुम्हालाही लिहीत नाही, राग मानू नये.’

मी राग मानला नाही. पोचपावतीचं कार्ड टाकलं. त्यात शाळेबद्दल विचारलं, एकोणतीसचा पाढा म्हणणाऱ्या मुलीबद्दल विचारलं. ते लोक कुठं गेले, हे विचारलं नाही.